भोके पाडलेला डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी होतो. आता विचाराल तर, मित्रांनो, माझे मलाच काही कळेनासे झाले आहे.

कारखान्यात पत्रा दाबून मला चौकोनी केले आणि झाकण घट्ट बसते ना, हे तपासले. माझे काम एकच: आतले बाहेर सांडू द्यायचे नाही. ते मी इमानेइतबारे केले. एक मुलगी मला दप्तरातून शाळेत नेई. पुढे तीच मला ऑफिसात नेऊ लागली. हिच्या डब्यातून थेंब गळत नाही, असे मैत्रिणी म्हणत, तेव्हा मला चांगलाच ताठा येई. मग रंगीत प्लास्टिकचे डबे आले आणि मी पोटात बटणे घेऊन फळीवर जाऊन बसलो.

ती मुलगी आता एका मुलीची आई आहे. लेक सहावीत. वर्गात तोंड उघडत नाही म्हणून मुले तिला घुमी म्हणतात. ‘वर्गात बोलत नाही’ अशी चिठ्ठी बाईंनी पाठवली, ती आईने तीनदा वाचली आणि रोज शाळा सुटली की लेकीचा चेहरा न्याहाळू लागली.

एके दिवशी घुमीने मला फळीवरून खाली काढले. बटणे ताटलीत गेली आणि मी शाळेत. बाई वनस्पतीची पेशी करून दाखवणार होत्या आणि त्यासाठी त्यांनी एक चौकोनी डबा मागवला होता. माझ्यात एक पारदर्शक पिशवी ठेवली, तिच्यात जेली ओतली, जेलीत एक द्राक्ष आणि थोडे हिरवे वाटाणे. पिशवी म्हणजे पेशीचा पडदा, द्राक्ष म्हणजे केंद्रक, वाटाणे म्हणजे हरितलवक. आणि मी? मी म्हणे भिंत. आयुष्यभर मला डबा म्हणणाऱ्यांनी एका तासात माझी भिंत केली. मी गांगरलो.

बाईंनी माझे झाकण लावले. तेवढ्यात मागच्या बाकावरून बारीक आवाज आला.

“बाई, भिंत एवढी घट्ट आहे, तर पेशी पाणी कुठून पिते?”

वर्ग मागे वळून बघू लागला. घुमी बोलली होती. झाकण काढून बाजूला ठेवत बाई म्हणाल्या, चूक माझी. पेशीला झाकण नसते आणि तिच्या भिंतीला फार बारीक भोके असतात. पाणी त्यातून जाते. आत कोणाला घ्यायचे, ते पडदा ठरवतो.

घरी येताच घुमीने खिळा आणि हातोडी मागितली. उद्या शाळेच्या प्रदर्शनात पेशी मांडायची होती आणि तिला भिंत बरोबर हवी होती.

आई माझ्याकडे बघत राहिली. भोके पडली की मी डबा म्हणून संपलो. शिवाय हातोडी, खिळा, लेकीची बोटे! तिने पुठ्ठ्याचा खोका सुचवला.

“पण आई, मी आपल्याच डब्याबद्दल विचारलं होतं.”

विचारलं होतं? आईने तो शब्द पुन्हा वदवून घेतला. वर्गात? सगळ्यांसमोर? मग तिने जेलीची पिशवी अलगद उचलून बाजूला ठेवली, माझ्याखाली लाकडी ठोकळा घेतला आणि खिळा स्वतः धरला. “मार. हळू.” पहिला घाव तिच्या अंगठ्याला चाटून गेला. ती हसली. मला मात्र हसावे की रडावे, कळेना.

प्रदर्शन झाले, जेली वितळली, पिशवी निघाली. पिशवी काढताना निसटून माझ्या कोपऱ्यात घरंगळलेला एक वाटाणा घुमीला सापडला. तिने माझ्यात माती भरून तो पेरला. आता मी खिडकीत असतो. पाणी घातले की जास्तीचे खालून गळते आणि कोणी रागावत नाही. वाटाण्याला चार पाने आली आहेत. घुमी त्यांच्याशी बोलत बसते, आणि आई दाराआड उभी राहून ऐकते.

डबा, भिंत की कुंडी, माझे मला अजून उमगलेले नाही. पण मित्रांनो, एवढे मात्र सांगतो. कशालाही जीव लावाल तेव्हा झाकण जरा सैल ठेवा. घट्ट बंद राहून मी थेंब सांडू दिला नाही, हे खरे; पण माझ्यात काही उगवलेही नव्हते.