बाबांची कॉफी

टप.

वडिलांच्या, तोआनच्या, वर्षश्राद्धाचा नैवेद्य थूयने सकाळीच मांडला. चिकट भात, उकडलेली कोंबडी. फोटोपुढे काचेचा पेला, त्यावर थेंब थेंब कॉफी गाळणारी पत्र्याची गाळणी. बाबांना जेवल्यावर कॉफी लागायची, हे तिला लहानपणापासून ठाऊक. रोज गाळणी लावून बसायचे ते.

तिची आई, दाओ, भिंतीला टेकून पेल्याकडे बघत होती. पाय हलत होता. तो कायमच हलायचा.

टप.

नवरा गेल्यावर ती लेकीकडे दा नांगला आली आणि तिची झोप उडाली. थूयने घरातली कॉफी आधी कपाटात लपवली, मग शेजारणीला देऊन टाकली; आज नैवेद्यापुरती तेवढी मागून आणली होती. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. गोळी पोटात गेली की दाओच्या अंगात वारं शिरायचं. घासलेली भांडी पुन्हा घासायची, पडदे उतरवायचे, आणि बोलणं एकीकडून दुसरीकडे उड्या मारत सुटायचं. थूय म्हणायची, या गोळीनं हत्ती आडवा होईल, आई, तू उभी कशी? उद्या डॉक्टर गोळी वाढवणार होते.

मला कॉफीनं झोप येते, असं दाओने सांगून पाहिलं होतं. थूय हसली होती.

टप.

तोआन हसला नव्हता. लग्नानंतर कॉफीच्या पहिल्या तोडणीत मळ्यावरची माणसं कॉफी पिऊन तरतरीत झाली आणि नवी नवरी पोत्यावर डोकं टाकून घोरायला लागली. आळशी पोर आणलीस, सासू म्हणाली. त्याने नुसतं लक्षात ठेवलं. पुढे रोज तो गाळणी लावायचा, डब्यातलं घट्ट दूध ढवळायचा, चिमूटभर मीठ टाकून पेला तिच्या हातात द्यायचा. तिच्या डोक्यात एकदम वाजणारे सगळे रेडिओ एकेक करून बंद व्हायचे. शेवटी त्याचाच आवाज उरायचा.

"पड आता."

टप.

टप थांबली. उदबत्ती विझली. थूयने भाताची वाटी पुढे केली. दाओने हात लांबवून पेला उचलला.

"आई, कॉफी नको."

"प्रसाद आहे. नाही म्हणू नये."

मीठ नव्हतं. तरी पाय थांबला.

थूय भांडी आवरून आली तर भर दुपारी आई चटईवर गाढ झोपलेली, तोंड उघडं. थूयने रिकाम्या पेल्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. ऊन चटईवरून सरकून भिंतीवर चढलं तरी ती तिथंच बसून होती.

दाओने डोळे उघडले.

"बाबा कॉफी कितपत गोड घ्यायचे गं?" थूयने विचारलं.

"ते? ते चहा प्यायचे."

थूयने रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, उद्या हे डॉक्टरांना सांगू. आणि शेजारणीकडून कॉफी परत मागून आणायला उठली.

"चिमूटभर मीठ टाक," दाओ मागून म्हणाली.

आणखीही सांगायचं होतं, पेला देताना 'पड आता' म्हणायचं. ती फोटोकडे बघत राहिली. पाय पुन्हा हलायला लागला होता.