मला उलटवणारी आणि माझ्याशी बसणारी

मी एक जुनं बैठं मेज आहे. पाय लोंबकळत ठेवून जेवणाऱ्यांच्या उंच टेबलांशी माझं नातं लावू नका, मित्रांनो. माझ्यापुढं जेवायचं तर जमिनीवर मांडी घालावी लागते. माझा जन्म कोरियातल्या नामवनचा. तिथल्या गोंग सुतारानं माझं लाकूड तीन वर्षं सावलीत वाळवलं, मगच त्याला रंधा लावला. अंगावर काळ्या लाखेचे सात हात चढवले, कडेला शिंपल्याचे बगळे जडवले आणि घडी घालता येतील असे चार पाय दिले. गाडीत चढवताना म्हातारा म्हणाला, "ह्याला ओलं फडकं लावाल तर माझ्या दारात येऊ नका." माणूस तोंडाचा फाटका होता, पण काम जाणत होता. हल्ली उलटं झालंय.

यंग-शिलच्या वडिलांनी तिच्या लग्नात मला सोबत दिलं. म्हणजे मी तिच्या माहेरचं. हे लक्षात ठेवा, कारण सासरी ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

एकतीस वर्षं मी त्या घरात आहे. दर सणाला यंग-शिल मला कोरड्या फडक्यानं पुसायची, पाय उघडायची, पूर्वजांचा नैवेद्य मांडायची. पुरुष वाकून नमस्कार करायचे, मग तेच पुरुष माझ्याभोवती बसून जेवायचे. पूर्वजांपुढं वाकणारी ती पाठ सुपाचं पातेलं उचलायला कधी वाकली नाही. यंग-शिल चुलीपाशी उकिडवी बसून भाताच्या तळाची खरपुडी गरम पाण्यात कालवून खायची. तिची सासू ह्वांग आजी, तीही तशीच, तिच्या शेजारी. माहेरच्या मेजावर माहेरवाशिणीनं एक घास खाल्ला नव्हता, आणि मला वाटायचं, मी मोडेन तोवर खाणारही नाही.

मग एके वर्षी गावात टीव्हीवाले आले. त्यांना मालिकेसाठी जुनं मेज हवं होतं. "जेवणाचा प्रसंग आहे, आजी. एका दिवसात परत आणून देतो," म्हणाले. ह्वांग आजी फुगली. सगळ्या गल्लीला सांगून आली, की आमचं मेज टीव्हीत जाणार.

मालिकेची नायिका रान-ह्वा. सासरचे पन्नास भाग तिला छळतात आणि एकावन्नाव्या भागात ती भरल्या पंगतीत मेज उलटवते. तेच मेज मी. पेपरवाले तिला स्त्रीशक्तीचं प्रतीक म्हणाले. असेल बाई. मी तिला खालून पाहिलं आहे, म्हणून जरा वेगळं सांगते.

तिनं मला नऊ वेळा उलटवलं. पहिल्या वेळी केस डोळ्यांवर आले, दुसऱ्या वेळी वाटी नको तिकडं उडाली. पाचव्या वेळी माझा पाय निखळला, तर एकानं त्यात खिळा ठोकला. लाखेत खिळा. गोंग सुतार असता तर त्यानं तोच खिळा त्याच्या टाळक्यात ठोकला असता. प्रत्येक वेळी दोन बायका धावत यायच्या, माझ्या बगळ्यांच्या चोचीतून मुळ्याचे तुकडे टोकरून काढायच्या, जमीन पुसायच्या, पुन्हा वाट्या मांडायच्या. एकीचे गुडघे गेलेले होते. उठताना ती माझाच आधार घ्यायची आणि हळूच म्हणायची, "माफ कर गं." नऊ वेळात माझी माफी मागितली ती त्या एकटीनं. रान-ह्वाबाई उलटवून झालं की मोटारीत जाऊन बसायची. तिचं मनगट चोळायला वेगळी बाई होती.

मी लंगडत घरी आले. यंग-शिलनं खिळा काढला, सरस लावला, पाय सुतळीनं बांधून दोन दिवस दाबून ठेवला. एका शब्दानं तिनं कुरकुर केली नाही. तेव्हा मला तिचाही राग आला होता.

तो भाग नेमका पौर्णिमेच्या सुगीच्या सणाआधीच्या संध्याकाळी लागला. घर पाहुण्यांनी भरलेलं. पुरुष टीव्हीसमोर, बायका दारात तांदळाच्या पिठाच्या करंज्या वळत उभ्या. मी धाडकन उलटले आणि बायकांनी पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. सासरच्या मोठ्या काकांनी मांडीवर थाप मारली.

"बाई असावी तर अशी," ते म्हणाले. "सूनबाई, धिरडी थंड झाली बघ. गरम आण."

आणि सूनबाईनं आणली.

ह्वांग आजीचं तोंड मात्र उतरलं होतं. उलटवणार, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"बाईनं पायाखाली लोळवलेलं मेज पूर्वजांपुढं कसं मांडायचं? शेजारचं मागून आणा," ती म्हणाली. "सण झाला की हे कचऱ्याच्या गाडीवर द्या."

म्हणजे टाळ्या रान-ह्वाला आणि कचरा मला.

सकाळी नैवेद्य शेजारच्या मेजावर मांडला. पत्र्याच्या पायांचं, वर संगमरवराचा कागद चिकटवलेलं. पूर्वज काय म्हणाले कोण जाणे. पुरुष त्याच्याभोवती जेवायला बसले. तेवढ्यात यंग-शिलनं मला ओसरीवरून उचललं. मी म्हटलं, निघाली माझी गाडी.

ती मला घेऊन आत आली. पुरुषांच्या मेजाशेजारी तिनं माझे चारही पाय उघडले. कोरड्या फडक्यानं पुसलं. एक भाताची वाटी, एक सुपाची, एक अख्खा मासा, चमचा. आणि बसली.

मोठ्या काकांनी रिकामी वाटी पुढं केली.

"सूनबाई, सूप संपलं," मोठे काका म्हणाले.

"पातेल्यात आहे, काका."

"मग?"

"पळीपण तिथंच आहे."

ह्वांग आजी दारात आली. "टीव्ही बघून डोकं फिरलंय हिचं."

"आई, टीव्हीतलीनं उलटवलं. मी बसलेय," यंग-शिल म्हणाली. "कुठं काही सांडलंय का?"

तिनं माशाचा काटा बाजूला काढला. ती उठली नाही. शेवटी तिचा नवरा ब्योंग-हो उठला. चुलीपाशी त्यानं तीन झाकणं उघडली, तिन्ही चुकीची. एकतीस वर्षं खाल्लेलं सूप कुठल्या पातेल्यात शिजतं, हे त्या गृहस्थाला ठाऊक नव्हतं.

आजी दारातून आत आली. मग माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन गुडघे मोडून बसली. हातानं मला हलवून बघितलं.

"पाय डुगडुगतोय. नीट लावता आला नाही होय गं?"

"इकडं या आई, या बाजूचा घट्ट आहे."

मला कचऱ्याच्या गाडीवर कोणी दिलं नाही.

मित्रांनो, मेजाला ओलं फडकं लावू नका, गरम भांडं थेट ठेवू नका, खिळा तर मुळीच ठोकू नका. आणि उलटवणारीला टाळ्या वाजवायच्या तर खुशाल वाजवा, टाळ्यांना काय लागतं. पण तुमच्या घरी सगळ्यांना वाढून जी चुलीपाशी बसते, तिला "जेवलीस का?" असं विचारू नका. आमच्याकडं ते नमस्कारासारखं येता-जाता सगळेच विचारतात. तुम्ही सरका, तिला जागा करा.