घरी वाट पाहतायत

आमच्या इटलीतल्या पादोव्हात संध्याकाळच्या स्प्रिट्झला तुम्ही कुणाबरोबर आलात, याचं कुणाला काही पडलेलं नसतं. उठता कधी, ते मात्र बघतात. हे केशरी, कडसर मद्य जेवणाआधीचं. त्यानं भूक चाळवायची, बाजारचौकातल्या टेबलाशी चार टोमणे द्यायचे-घ्यायचे आणि घरी जाऊन जेवायचं. आठ वाजून गेले तरी जो ग्लासातला बर्फ हलवत बसलाय, त्याच्या घरी कुणी नाही, हे सगळ्या चौकाला कळतं.

म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठायचे. “निघते, ब्रूना ताटं मांडून बसली असेल.” ब्रूना माझी धाकटी बहीण, आम्ही दोघी एकत्र राहायचो. ती तीन वर्षांपूर्वी लेकाकडे व्हिचेंझाला कायमची राहायला गेली. टेबलावर मी हे बोलले नाही. कुणी कीव करत ऑलिव्हची बशी माझ्याकडे सरकवली असती, तर मी ती बहुधा फेकून मारली असती.

मी पिशवी उचलते तोवर माझ्यामागून अत्तीलिओ उठायचा. जुना चष्मेवाला, दुकान विकून आता मोकळा. “बायकोनं रिसोत्तोचा भात ढवळायला घेतला असेल,” म्हणत टोपी घालायचा.

“अहो, त्या माउलीला एकदा इकडे आणा तरी,” आमच्या टेबलावरची फियोरेल्ला म्हणायची. तिच्या जिभेला हाड नाही. “का पातेल्याशी बांधून ठेवलीय?”

“तिला गर्दी सोसत नाही,” तो हसत म्हणायचा आणि निघायचा. मला त्या रिसोत्तोचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मी घरी जायचे नाही. स्टेशनवरच्या बारमध्ये जायचे. तिथं एकट्या माणसाला कुणी काही विचारत नाही, गाडीची वाट बघत असेल म्हणतात. मांडीवर पिशवी घ्यायची, दुसरा स्प्रिट्झ मागवायचा, सोबत येणारे वेफर्स आणि पावाचे तुकडे पोटभर खायचे. झालं माझं जेवण.

नोव्हेंबरातल्या एका धुक्याच्या संध्याकाळी वाटेत रेंगाळून मी तिथं आत शिरले, तर कोपऱ्यात अत्तीलिओ, याआधी तिथं कधी न दिसलेला. समोर केशरी ग्लास, पुढ्यात वेफर्सची रिकामी वाटी. त्यानंही मला पाहिलं. पळून जायला दोघांनाही उशीर झाला होता.

“योलेबाई, तुम्ही इकडे कुठे?”

“व्हिचेंझाला निघालेय. बहिणीकडे.” बोलून गेले आणि जीभ चावली. अर्ध्या तासापूर्वी हीच बहीण माझ्या घरी ताटं मांडत होती. “आणि तुम्ही?”

“बायकोला घ्यायला आलोय. येईलच तिची गाडी.”

तिचा रिसोत्तो अर्ध्या तासापूर्वी चुलीवर होता. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. भली माणसं आम्ही, एकमेकांना खोटं पाडत नाही.

तेवढ्यात व्हिचेंझाची गाडी लागली. अत्तीलिओ पडला शिष्टाचाराचा माणूस. त्यानं माझी पिशवी उचलली, मला डब्यापर्यंत पोचवलं आणि दार बंद होईपर्यंत तिथंच उभा राहिला. मग काय करणार? बसले गाडीत, गेले व्हिचेंझाला. तिथल्या फलाटावर ब्रूनाला फोन लावावा असं वाटलं. पण तिच्याकडे आता नातवंडांची जेवणं चालली असतील. मी तिथं उभी राहिले आणि मला रडू आलं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, हातात एक पिशवी, जिच्यात काहीच नव्हतं.

परतीच्या गाडीत मात्र मी ठरवलं की त्याला सांगायचं. अत्तीलिओ, माझ्याकडेही कुणी नाही, चला, कुठंतरी बसून धड जेवू. एवढी दोन वाक्यं घोकत मी पादोव्हाला उतरले.

तो फलाटावरच होता. त्यानं मला पाहिलं नाही. माझ्याच गाडीतून उतरणारी माणसं तो बघत होता, एकेका दारापाशी जाऊन, बाईमाणूस दिसलं की टाचा उंचावून. फलाट रिकामा झाला तरी शेवटच्या डब्याकडे बघत राहिला. तेव्हा मला कळलं की मी नुसतं खोटं बोलते, आणि तो खरंच वाट पाहतो, न येणाऱ्या बायकोची. त्या माणसाला मी काय सांगणार होते? मी खांबामागं उभी राहिले आणि तो बाकावर बसल्यावर मागच्या जिन्यानं उतरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी चौकात साडेसात झाले. मी उठले नाही. अत्तीलिओनं माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिली, मग टोपी घेतली.

“बायकोनं रिसोत्तो...” तो अडखळला.

“जा की मग,” मी म्हटलं. “गार झाला तर बोलणी खाल.”

त्यानं माझ्याकडे पाहून टोपीला हात लावला आणि स्टेशनच्या दिशेनं गेला. तो बार आता त्याचा. मी तिथं गेले असते, तर त्याला रोज माझ्यासमोर नव्यानं कारण सांगावं लागलं असतं.

मग फियोरेल्ला गेली, बाकीचे गेले. चौकातली टेबलं रिकामी झाली. बारवाला मीर्को बशा उचलायला आला आणि मला पाहून थबकला.

“योलेबाई, आज निघाला नाहीत? बहीण वाट बघत असेल ना?”

“नाही,” मी म्हटलं. “माझी कुणी वाट बघत नाही.”

तो खुर्च्या एकावर एक रचायला लागला. माझ्या टेबलाच्या तेवढ्या त्यानं शेवटासाठी ठेवल्या.