हद्दीवरचा मिठाचा दगड

मी एक जुना मिठाचा दगड आहे. मित्रांनो, जवळ या. पण आधी हातातली दुर्बीण खाली ठेवा. माणसांवरचा माझा विश्वास उडाला आहे.

ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरातल्या खाणीत माझा जन्म झाला. मोठ्या पावाएवढा होतो तेव्हा एगिडियसने मला एका खोडावर बसवले. जंगल वाल्बुर्गाकाकूंचे, तिथल्या शिकारीचा पट्टा, म्हणजे ठरावीक मुदतीचा करार, शिकारी एगिडियसकडे. पट्ट्यात काकूंची एक अट होती: फाटक्या कानाच्या लीझीला हात लावायचा नाही. त्या पोरक्या हरिणीला काकूंनी बाटलीने दूध पाजून वाढवले होते.

पाऊस पडला की माझे मीठ खोडावरून ओघळे आणि हरणे ते चाटत. लीझी सर्वांत आधी येई. सुखाचे दिवस होते. पण मी होतो हद्दीला अगदी चिकटून, आणि ते पलीकडच्या जंगलाचा पट्टेदार क्विरिन याला खुपले.

"माझी हरणं पळवतोस काय रे?" त्याने हद्दीवरून विचारले.

"त्यांच्या गळ्यात तुझ्या नावाची पाटी दिसली नाही!" एगिडियस म्हणाला.

दोघांनी समोरासमोर मचाणे बांधली आणि दुर्बिणी रोखून एकमेकांवरच पाळत ठेवू लागले. हरणे यायची थांबली. लीझीसुद्धा.

पट्ट्याची मुदत संपत आली तेव्हा काकू आल्या. "माझी लीझी कुठाय?"

एगिडियसने समोरच्या मचाणाकडे बोट दाखवले. "क्विरिनला विचारा, काकू."

"मला? याच्या पातेल्यात बघा!" क्विरिन ओरडला.

"दोघांच्याही बघेन. लीझी दिसली नाही तर एगिडियस, हे जंगल विसर. आता उतरा आणि घरी जा."

ते एकमेकांकडे वळून वळून बघत गेले. काकू माझ्या खोडाशी विणत बसल्या. ऊन कलले. झुडूप हलले, फाटका कान दिसला आणि ओळखीची जीभ खोडाला लागली. काकूंनी नाक पुसले.

दुसऱ्या दिवशी त्या एगिडियसला म्हणाल्या, "लीझी आहे. पट्टा तुझाच. पण हे मचाण उतरव."

"आणि क्विरिनचं?"

"तू नसलास तर तो बिचारा कुणावर नजर ठेवणार?"

एगिडियसने एक पायरी काढली आणि क्विरिनकडे पाहिले. मग दुसरी काढली. क्विरिन आठवडाभर रिकाम्या जागेवर दुर्बीण रोखून बसला आणि कंटाळून उतरला. हरणे परत आली.

मित्रांनो, आता मी मुठीएवढा उरलो आहे. तक्रार नाही, झिजणे हाच माझा धर्म. विनंती एवढीच: कुणासाठी मीठ ठेवलेत, तर ठेवून घरी जा. कोण खातो ते बघत बसू नका.