तिसरी टकटक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. विद्यापीठात संशोधन करते, पगारच त्याचा घेते. पण त्या दिवशी प्रयोगशाळेत हेडफोन लावला आणि लगेच ओढून काढला. हेडफोनमध्ये आमचे सर होडी ठोकत होते. सरांना जाऊन वर्ष उलटलं होतं!

आमचं काम समुद्र ऐकण्याचं. होडीतून पाण्यात माईक सोडायचा आणि गप्प बसायचं. प्रवाळाचा खडक जिवंत असला की त्यातल्या बारक्या कोळंब्या सारख्या चिमटे वाजवतात. तापल्या तेलात पाणी शिंपडल्यासारखं तडतडतं. खडक मेला की सामसूम. बंदराजवळचा आमचा खडक कित्येक वर्षं सामसूमच होता, आणि सरांनी सगळी हयात त्याच्यापायी घालवली होती. आता जहाजांची वाट रुंद करायची म्हणून बंदराच्या समितीनं विचारलं होतं, खडक मेलाय की जगतोय? मेला असेल तर सुरुंग लावायला ते मोकळे. उत्तर सोमवारी द्यायचं होतं, आणि सरांच्या मागे ते माझ्या गळ्यात पडलं होतं.

माईक सोडला की सर होडीच्या तळावर बोटांनी ठोकायचे. दोनदा पटकन, आणि तिसऱ्यांदा बऱ्याच वेळानं. रेकॉर्डिंग ऐकताना सुरुवात कळावी म्हणून. तिसरी टकटक एवढी उशिरा का, असं विचारलं की नुसते हसायचे. आणि आता माझ्या ताज्या रेकॉर्डिंगमध्ये तेच. टक-टक. मग थांबून टक. आणि त्यामागून खडक असा तडतडत होता, की बस!

आधी मी होडीवाल्या मामांवर उखडले. "मामा, होडी कुणी ठोकली?"

"अगं बाई, मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. तू डोळे वटारतेस ना!"

खरंच होतं ते. वायर बदलली, जुनी फाइल लागली नाही ना ते पुन्हा पुन्हा पाहिलं. तारीख त्याच दिवसाची. डोकं नुसतं भणभणत होतं. खडक जगला म्हणून नाचावं, की सर ऐकू येतायत म्हणून डॉक्टर गाठावा? रडूही आलं, आणि ते कशाचं तेही कळेना.

माझा नवरा त्याच विद्यापीठात, यंत्रांच्या विभागात. जेवताना कामाचं बोलायचं नाही असा आमच्या घरचा नियम. तो मीच केलेला, कारण एकदा मासे मोजण्यावरून आमचं इतकं वाजलं होतं की शेजारी मध्ये पडले. त्या संध्याकाळी मीच तो मोडला.

"अरे, खडक बोलतोय. आणि सर ठोकतायत."

त्याचा घास हातातच राहिला. "कुठला खडक?"

"बंदराजवळचा! दुसरा कुठला आहे आपल्याकडे?"

तो उठला, पाणी प्यायला, परत बसला. "तिथे माझा स्पीकर आहे," म्हणाला.

मेलेल्या खडकाला जिवंत खडकाचा आवाज ऐकवला तर मासे, कोळंब्या पुन्हा वस्तीला येतात का, हे तो दोन महिने तपासत होता. आवाज कुठला, तर आमच्याच कपाटातलं सरांचं रेकॉर्डिंग. त्याच खडकाचं, भरात असतानाचं.

"सांगायचं नाही का मला?"

"जेवताना बोलायचं नाही, तूच म्हणालीस."

"मग भांडी घासताना सांगायचं! आणि ती टकटक कापता नाही आली, शहाण्या?"

"कापवेना," तो खाली बघत म्हणाला. "सरांची आहे."

म्हणजे खडक मेलेलाच. मी ताटावरून उठले आणि मनसोक्त रडले.

सकाळी त्याला होडीत घातलं. एकदा स्पीकर बंद करून ऐकल्याशिवाय माझ्या हातून "मेला" लिहवणार नव्हतं. त्यानं स्पीकरच्या पेटीतलं बटण दाबलं. मी माईक सोडला. सामसूम. मग कुठेतरी एक तड. थोड्या वेळानं आणखी दोन. नव्या घरात कुणी हळूच भांडी लावावीत, तेवढंच.

"आल्यात!" नवरा ओरडला.

"कसल्या आल्यात? तुझ्याच यंत्राची खरखर असेल." माझा आता कशावरच भरवसा उरला नव्हता.

"खूण करायची राहिली की गं," मामा म्हणाले.

मी वाकून ठोकलं. टक-टक.

तडतड एकदम थांबली. माझा हात तिसऱ्या टकटकीसाठी वर उचललेला, तो तसाच राहिला. यंत्र कशाला दचकेल? दचकतं ते जिवंत. सर इथेच थांबायचे, आणि आम्हाला वाटायचं म्हातारा विसरला. मी कानांवर हेडफोन दाबून धरला. काहीच नाही. काहीच नाही. मग एक तड. मग दुसरी. मग चार-पाच मिळून.

"अगं, सोमवारी काय सांगणार आहेस?" नवऱ्यानं विचारलं.

"हळू बोल," मी म्हणाले. "घाबरतील त्या."

आणि तिसऱ्यांदा ठोकलं, अगदी हलक्या हातानं.