जिन्याचा कठडा

सिस्टरने भुवईवरच्या जखमेवर कापसाचा बोळा दाबून धरला, तरी आजींची तणतण थांबेना.

"मला काय बघताय? यांना बघा आधी! माझ्याबरोबर हेही जिन्यावरून गडगडलेत. डोकं आपटलंय. त्यात हृदयासाठी रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे यांना."

आजोबा शेजारच्या खुर्चीत बायकोची पर्स मांडीवर घेऊन शांत बसले होते. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तरुण डॉक्टरने त्यांना नाव विचारलं, वार विचारला, घरचा पत्ता विचारला. उत्तरं सगळी बरोबर आली.

"आजोबा ठणठणीत आहेत. चालत आलेत की! स्कॅनला रांग आहे, त्यांचा नंबर लागला की करू. आधी तुमचे टाके."

"म्हणजे डोळे पांढरे केल्यावर लागणार का नंबर?"

डॉक्टर हसला. त्या हसण्याने आजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि नेहमीप्रमाणे राग निघाला तो नवऱ्यावर.

"आणि तुम्ही! डोकं दुखतंय म्हणून सांगायला तोंड नाही? तो जिन्याचा कठडाच हलतो. कधीची ओरडतेय मी!"

"हो," आजोबा म्हणाले. "हलतो."

आजी बघतच राहिल्या. लग्न झाल्यापासून या माणसाने त्यांचं एकही वाक्य वाद घातल्याशिवाय मान्य केलं नव्हतं. आणि कठडा तर त्याने स्वतःच्या हाताने बसवलेला. त्याला कोणी नावं ठेवली की भरल्या ताटावरून उठायचा.

"वाईट बसवलात तुम्ही तो," आजी हळूच म्हणाल्या.

"हो. बरोबर."

आजींनी सिस्टरचा हात झिडकारला आणि उठून डॉक्टरची बाही धरली. रक्त डोळ्यात उतरत होतं.

"हे 'हो' म्हणाले. दोनदा! आत्ताच्या आत्ता न्या यांना. नाहीतर मी टाके घालून घेणार नाही, वाहू दे रक्त तुमच्या फरशीवर!"

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात सिस्टरने स्ट्रेचर ओढलं.

"डॉक्टर, गोळी चालू आहे त्यांना. थांबायला नको."

स्कॅनमध्ये डोक्यात रक्त साकळत चाललेलं दिसलं. मग धावपळ सुरू झाली. गोळीचा परिणाम उतरवायचं इंजेक्शन आलं, मोठे डॉक्टर आले. तरुण डॉक्टरने आजींचे टाके घातले तेव्हा तो मान वर करत नव्हता, आणि आजींनीही त्याला सोडलं नाही. टाके पुरे होईपर्यंत त्याचा उद्धार चालू होता.

आजोबांना भेटायची परवानगी दोन दिवसांनी मिळाली. ते डोळे मिटून पडले होते. आजी पलंगाशी उभ्या राहिल्या. आवाज नेहमीपेक्षा जास्तच चढला.

"घरी गेल्यावर पहिला तो कठडा उखडून फेकणार आहे मी."

आजोबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त ओठ हलले.

"कठड्याला... काय धाड भरलीय? तुझंच लक्ष नव्हतं."

आजींनी भांडायला तोंड उघडलं, आणि पलंगाची दांडी घट्ट धरली.

"हो," त्या म्हणाल्या. "नव्हतं."

आजोबांनी कष्टाने डोळे उघडले. बायकोच्या भुवईवरच्या पट्टीकडे ते टक लावून बघत राहिले.

"सिस्टर," त्यांनी घाबऱ्या आवाजात हाक मारली, "हिला बघा आधी."