पाऊस पडला की पाठवते

वेशीत फ्लेक्स लागला होता. मधोमध तानुबाई, डोक्यावर पदर, आणि तोंडाला फोटोवाल्यानं फासलेला गोरेपणा. एका हाताला जयराज, मिलिटरीच्या वर्दीत. दुसऱ्या हाताला धाकटा विश्वजित, पुण्यात इंजिनिअर, कोट घालून. खालच्या कोपऱ्यात हात जोडून बाप, भाऊसो. वर ठळक अक्षरं: ‘दुष्काळात घर सावरणारी आदर्श माता’, खाली बारीक: ‘यात्रेत जाहीर सत्कार’.

थोरली लेक कुठंच नव्हती.

अंकिता तासगावकडनं एसटीनं आली, पोरीचा हात धरून उतरली आणि फ्लेक्सखाली थांबली. पहिलीतली समीक्षा सगळी तोंडं बघत म्हणाली, “मम्मी, तू कुठं हायस?”

“मी भाकरी करत आसंन तवा.”

जेवताना तानुबाईनंच विषय काढला. “फ्लेक्स मंडळाच्या पोरांनी केलाय. मला काय ठावं न्हाई बाई.”

“आन् फोटो कुणी दिलं त्यांना?”

तानुबाईनं वाटीत आमटी वाढली, वाटी भरलेली असताना. जयराज हसला. “ताई, तू आता सासरची. तिकडच्या फ्लेक्सवर झळक की.”

“तिकडं प्रदर्शनात नंबर आलेली म्हैस झळकती रं. मी राबले म्हशीगत, पर नंबर आला न्हाई.”

विश्वजितला ठसका लागला. भाऊसो खाली मान घालून जेवत राहिला. त्याला ती सवयच होती. सारा दुष्काळ तो वाशीच्या बाजारात गोण्या उचलत होता. सणाला यायचा, पाव्हण्यासारखा जेवायचा, जायचा.

माण तालुक्यातल्या दुष्काळाचं सगळे बोलतात. त्या वर्षी म्हसवडच्या बाजूला जनावरांची छावणी पडली. छावणीत चारा मिळायचा, पण जनावरामागं माणूस लागायचंच. तानुबाई दोन खिलार गाया आणि म्हैस घेऊन ताडपत्रीखाली जाऊन राहिली. उन्हानं कातडं सोललं, पण एक शेपूट विकलं नाही. त्याच दुधावर पुढं पोरं शिकली. हे सगळं खरं आहे. गाव खोटं बोलत नाही, गाव अर्धं बोलतं.

उरलेलं अर्धं घरात होतं. आठवीतली अंकिता. पहाटे उठून भाकरी, टँकरच्या पाण्याला नंबर, भावांची अंघोळ, त्यांची दप्तरं, मग आईची भाकरी फडक्यात बांधून छावणीपर्यंत चालत. शाळा आधी उशिरा झाली, मग एक दिवसाआड, मग नाहीच.

एकदा तिच्या वर्गाच्या बाई स्कूटीवरनं छावणीत आल्या. साडीला शेण लागू नये म्हणून निऱ्या धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तानुबाई, पोरगी हुशार आहे. अशी घरी ठेवू नका.”

“पाऊस पडला की पाठवते, बाई,” तानुबाई म्हणाली.

अंकिता तिथंच उभी होती, भाकरीचं फडकं हातात घेऊन. तिनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून रोज आभाळाकडं बघायला लागली.

पाऊस पडला. छावणी उठली. तानुबाई घरी आली तर घर चालू होतं. बसल्या जागी गरम भाकरी ताटात आली. कंबर धरली होती, आधार बरा वाटला. दिवाळी होऊ दे म्हणाली. मग बैलपोळा, मग जयराजची दहावी, मग तासगावकडचं स्थळ. घराला पोरीच्या हाताची सवय लागली, आणि सवय लागलेलं घर माणूस सोडत नाही.

सत्काराआधी अंकितानं आईला चुलीपाशी गाठलं. “आये, शाल नको, साडी नको. एक कर. माईक हातात आला की माझं नाव घे. छावणीत मी होते तवा घर अंकीनं धरलं, एवढंच म्हण.”

“म्हणते की. न म्हणायला काय झालं?”

खरंच तिला म्हणायचं होतं.

यात्रेचा मांडव भरला होता. शाल झाली, नारळ झाला, टाळ्या झाल्या. जयराजनं पाठ करून घेतलेली वाक्यं तानुबाईनं नीट म्हटली. “मी काय केलं न्हाई. माझी दोन पोरं गुणाची निघाली.” मग थांबली. बायकांच्या रांगेत अंकिता बसली होती, समीक्षाला मांडीवर घेऊन, मान उंच करून.

तानुबाईनं तोंड उघडलं. शेजारी दोन्ही पोरं उभी होती, गाव बघत होतं. लेकीचं नाव घेतलं तर लोक विचारतील, मग ती का शिकली न्हाई?

माईक कुणी हिसकावला नाही. तिनंच तो जयराजच्या हातात दिला.

सकाळी स्टँडवर तानुबाई ती शाल घेऊन आली आणि अंकिताच्या खांद्यावर घालायला लागली. अंकितानं शाल काढली, नीट घडी केली, परत दिली. “चैतात कशाला गं शाल?”

“चुकलं गं माझं. गर्दी बघून जीभच उचलंना.”

“बाई आल्या तवा छावणीत कुठं गर्दी हुती, आये? दोन गाया आन् एक म्हैस.”

तासगावची गाडी फलाटाला लागली. समीक्षा आजीच्या पदराशी खेळत होती. तानुबाईनं तिला जवळ ओढलं. “हिला तरी ठेव माझ्याजवळ सुट्टीला. आमी दोगंच असतो. सोबत व्हईल, तांब्याभर पाणी दील हातात.”

अंकितानं पोरीचा हात आईच्या पदरातनं हळू सोडवून घेतला आणि पायरीवर चढली. आवाज चढवला नाही.

“पाऊस पडला की पाठवते.”

गाडी वळली. समीक्षा खिडकीतनं हात हालवत होती. तानुबाई शाल छातीशी धरून उभी राहिली. तिनं वर आभाळाकडं बघितलं नाही. पाऊस पडल्यावर काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?